बोट ठेवायला जागा

पुस्तकाच्या दुकानात ढिगातली वरची प्रत मी कधी घेत नाही. तिला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा हात लागलेला असतो. सगळ्यात खालचीही नाही, कारण तिच्या पुठ्ठ्याला टेबलाची धूळ घासलेली असते. मधली एखादी हलक्या हाताने ओढून काढायची, उजेडाकडे धरून चारही कोपरे बघायचे, पाठीवर गोंद ओघळलाय का ते बघायचं, मग पानं अंगठ्याखालून सरसर सोडून एखादं पान कापताना दुमडलं गेलंय का ते तपासायचं. दादरचा माझा नेहमीचा दुकानदार मी पायरी चढताना दिसलो की शेजारच्याला म्हणतो, "आले साहेब. आता मुलगी बघायचा कार्यक्रम." मी हसत नाही. त्याला फक्त सांगतो की आत शिक्का मारू नका, चिठ्ठी चिकटवू नका, आणि रबरबँड तर लावूच नका, कडेला खाच पडते.

घरी आलं की पुस्तक आधी पंख्याखाली आडवं. मग जाड पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर, तेही चिकटपट्टी पुस्तकाला न लागू देता. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. परळच्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात, तिथे कागदाचं काय. कसर लागू नये म्हणून महिन्याकाठी प्रत्येक पुस्तक बाहेर काढून कोरड्या ब्रशने झाडायचं. वाचतानाही ते पूर्ण उघडायचं नाही, पाठ मोडते. दार किलकिलं करून आत डोकावावं तसं वाचायचं. पहिल्या पानावर मी नावही घालत नाही. नाव म्हणजे शेवटी शाईचा डागच.

पुस्तक कुणाला देण्याचा तर प्रश्नच नाही. बँकेतला एक मित्र एकदा फार मागे लागला म्हणून एक दिलं. परत आलं तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर चहाच्या कपाचं गोल. ते त्यालाच ठेवून घ्यायला सांगितलं आणि संध्याकाळी दादरला जाऊन नवं आणलं. तो आजही हा किस्सा जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगतो. लोक हसतात, मीही हसल्यासारखं करतो. लोकांना वाटतं, पुस्तकांचा वेडा आहे, छंद आहे, असतो एखाद्याला. इतकी वर्षं मीही तेच वाटू दिलं.

हे वेड कुठून आलं ते मला नीट माहीत आहे.

आम्ही परळच्या चाळीत राहायचो. वडील मिलमध्ये, आई जवळच्याच एका इस्पितळात आया. शाळेची पुस्तकं मला कधी नवी मिळाली नाहीत. चाळीतला वरच्या वर्गातला कोणीतरी पास झाला की त्याची पुस्तकं आमच्याकडे यायची. पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव, त्यावर काट, खाली दुसरं नाव, त्यावरही काट, मग माझं. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं आधीच कोणीतरी लिहिलेली, बरीचशी चुकीची. भूगोलात महाराष्ट्राच्या नकाशाचं पानच नव्हतं. पाचवीत माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलाने एकदा त्याचं नवंकोरं पुस्तक माझ्या पुस्तकापासून दूर सरकवलं आणि मागच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लांब ठेव रे. यांचं सगळं असलंच मळकं असतं."

'तुझं' म्हणाला असता तर मी विसरलो असतो. तो 'यांचं' म्हणाला. आम्ही बौद्ध, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

घरात मात्र मळक्या पुस्तकाची कुणाला लाज नव्हती. डिसेंबरात दादरला चैत्यभूमीवर आम्ही सगळे जायचो आणि तिथल्या स्टॉलवरून वडील दोन-चार पातळ पुस्तिका आणि परवडलं तर एखादा जाड ग्रंथ आणायचे. तो ग्रंथ मग खोलीखोलीतून फिरायचा. कुणाकडे रात्रपाळीचा माणूस दुपारी वाचायचा, कुणाकडे कोणी मोठ्याने वाचून दाखवायचं, आणि परत येईपर्यंत त्याला हळद लागलेली असायची, पाठ सुटलेली असायची, मधल्या पानावर कुणा पोराने पेन्सिल फिरवलेली असायची. वडील ती सुटी पानं हातात घेऊन अभिमानाने सांगायचे, "वाचून वाचून फाटलंय." मला त्या वाक्याचा राग यायचा. मोठा झालो की माझ्याकडे एकही मळकं पुस्तक असणार नाही, एवढं मी ठरवून टाकलं होतं. ते मात्र मी अगदी तंतोतंत पाळलं.

आई वाचायला शिकली ती मी कॉलेजात असताना. विहारात बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला होता, ड्युटी संपवून ती आणि शेजारच्या खोलीतली मावशी तिथे जायच्या. मावशी आमची नात्याने कुणी नव्हती, पण चाळीत नातं विचारून कोणी मावशी होत नाही. तिची जीभ तिखट, आई मुळात अबोल. मावशीचं शिकणं सहीपाशी थांबलं. आई चिकटून राहिली.

तिची वाचायची एक तऱ्हा होती. उजव्या हाताचं पहिलं बोट अक्षराच्या खाली टेकवायची आणि ते बोट सरकेल तसा तिचा आवाज सरकायचा. बोट उचललं की आवाज बंद. जोडाक्षर आलं की तिथे बोट दोनदा आपटायची, दार ठोठावल्यासारखं, आणि मग ते अक्षर उघडायचं. नुसत्या डोळ्यांनी तिला वाचता यायचं नाही. पाट्या वाचतानासुद्धा बोट हवेत. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांसमोरून जाताना ती रस्त्यात थांबून बोट वर करून "सा-ड्यां-चे भ-व्य" असं लावायला लागली की आतला माणूस धावत यायचा, "कुठली ताई, ती मोरपंखी? आत या, दाखवतो!" मावशी त्याला म्हणायची, "साडी नको रे बाबा, पाटी वाचतेय ती. फुकट आहे ना?"

मी तेव्हा लांब उभा राहायचो. बरोबर नसल्यासारखा.

पुढे मला बँकेत नोकरी लागली. वडील गेले. लोखंडी कपाट आलं आणि पुस्तकं यायला लागली. याच सुमारास दादरच्या एका गृहस्थांची ओळख झाली. जुन्या, दुर्मीळ पुस्तकांचा त्यांचा मोठा संग्रह होता आणि आमच्या बँकेत खातं होतं. त्यांनी घरी बोलावलं तेव्हा मी नवा शर्ट घालून गेलो. त्यांनी आधी हात धुवायला लावले, मग कोरड्या पंच्याने पुसायला लावले. एकेक पुस्तक ते स्वतः काढून समोर धरायचे, मी हात पुढे केला की हसून म्हणायचे, "अं हं, शिवायचं नाही. नुसतं बघायचं." ते हे सगळ्यांनाच म्हणत असावेत. मला त्यात काही खुपलं नाही. उलट वाटलं, काय सुंदर पद्धत आहे. मी त्यांच्याकडे वरचेवर जायला लागलो, ते पुस्तक हाताळायचे तसं हाताळायला लागलो, ते बोलायचे तसं बोलायलाही लागलो.

इथे एक सांगायला हवं. 'शिवणं' हे क्रियापद आमच्या घरात नव्हतं. आई ते तोंडात येऊच द्यायची नाही. बटण तुटलं तर ती "शिवून देते" म्हणायची नाही, "टाका घालते" म्हणायची. गॅलरीत आम्ही पोरं खेळताना कुणी "मला शिव बघू" असं ओरडलं की ती आतून कडाडायची, "पकड म्हण!" लहानपणी मला ते विचित्र वाटायचं. मग कधीतरी मावशीकडून कळलं. आई तिच्या कोकणातल्या गावी आठ-नऊ वर्षांची असताना पाणवठ्यावर गेली होती. तिथे वरच्या अंगाला बसलेल्या बाईच्या कळशीला तिचा हात लागला की लागेलसं वाटलं, एवढंच. ती बाई "शिवू नको" म्हणून अशी किंचाळली, की आईने घाबरून दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तोल जाऊन दगडावर पडली. कपाळावरचा तिचा व्रण त्याचा. आईने स्वतः हे मला कधीच सांगितलं नाही.

आता त्या शनिवारचं.

आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होतं. आषाढी पौर्णिमेला सुरू, अश्विनात समाप्ती. बायका-पुरुष जमतात, वंदना होते, मग एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे ऐकतात. आईने कित्येक वर्षं ऐकलं होतं. त्या वर्षी तिने आपण होऊन महिला मंडळाकडे मागून घेतलं, "यंदा मला एक दिवस द्या." तिच्यासारख्या बाईने काहीतरी मागणं हीच केवढी गोष्ट. तिला दिवस मिळाला, वाचायचा भागही ठरला. तिने पांढरी साडी धुऊन, इस्त्री करून ठेवली. विहारातली प्रत रोज लागायची, म्हणून सरावाला तिने माझी घेतली. त्याच ग्रंथाची, कापडी बांधणीची, मी फार शोधून मिळवलेली.

मला विचारलं नाही तिने. मी बँकेत होतो.

शनिवारी अर्धा दिवस. दुपारी घरी आलो तर आई आणि मावशी जमिनीवर बसलेल्या, मध्ये वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर माझं पुस्तक, पूर्ण उघडून, दोन्ही बाजूंनी सपाट दाबलेलं. आईचं बोट ओळीखाली. ती वाचत होती आणि बरं वाचत होती, माझ्या येण्याने थांबलीही नाही, डोळे ओळीवरच. पण मला दिसलं ते वेगळंच. बोट जिथून जिथून गेलं होतं तिथे कागद ओला होऊन किंचित फुगला होता.

मी ओरडलो, "आई, शिवू नको त्याला!"

आईचं बोट वर झालं. आवाज थांबला. मग तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मी वाकून पुस्तक उचललं, टीपकागद शोधला, त्या ओळी टिपायला लागलो. मला आठवतंय ते असं की मी तेव्हा कागदाकडे बघत होतो, आईकडे नाही. मावशीचा आवाज कानावर आला.

"कुठल्या गावचा पाणवठा रे हा?"

"काय?"

"काय म्हणून विचारतोस? तुझ्या आईने हात साबणाने धुतले म्हणून ओले होते. पुस्तकाला हात लावायचा म्हणून धुतले. मी म्हटलं, पूस नीट, तर म्हणते, पदर मळका आहे, पदराला नको."

"जाऊ दे गं," आई म्हणाली. "त्याचं पुस्तक आहे."

तेवढंच. तिने वर्तमानपत्राची घडी घातली, उठून स्टोव्ह पेटवला, मला चहा दिला. मी प्यायलो. आपण काय बोललो ते मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं आजवर स्वतःला सांगत आलो, ते खोटं आहे. शब्द तोंडातून सुटतानाच कळलं होतं. पण चहा पिऊन मी पुन्हा ते पान उन्हाच्या तिरिपेत धरून बघितलं, लाट कितपत बसलीय ते.

दोन दिवसांनी आईने महिला मंडळाला निरोप पाठवला की डोळ्यांना नीट दिसत नाही, माझा दिवस दुसऱ्या कुणाला द्या. मला हायसं वाटलं. डोळ्यांचं असेल तर प्रश्न सोपा होता. मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. समोर भिंतीवर मराठी अक्षरांचा तक्ता. डॉक्टर म्हणाले, वाचा बाई. आईने खुर्चीत बसल्या बसल्या बोट हवेत उचललं आणि वाचायला लागली. मोठी अक्षरं, त्याखालची लहान, त्याखालची आणखी लहान. तळाच्या ओळीपर्यंत बोट न अडखळता गेलं. डॉक्टर मला म्हणाले, "यांची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे हो. जवळचा किरकोळ नंबर आहे, हवा तर करा."

जिना उतरताना आई म्हणाली, "करा म्हणाले ना चष्मा? कर मग."

ती माझ्याकडे बघत होती. मी पायऱ्यांकडे.

तिचे डोळे चांगले होते हे मला कळलं होतं आणि मला कळलंय हे तिलाही. तिथे, त्या जिन्यात, मला बोलता आलं असतं. 'आई, चुकलो' एवढे दोनच शब्द होते. पण ते बोललो असतो तर ती पुन्हा पुस्तकाला हात लावणार होती. खरं कारण हे आहे. आईने वाचणं सोडलं हे माझ्या सोयीचं होतं. मी चष्मा केला. चांगली फ्रेम घेतली.

मावशीने मात्र पिच्छा सोडला नाही. गॅलरीत गाठून म्हणाली, "पाय धर तिचे. तिचा दिवस अजून गेलेला नाही." मी पाय धरले नाहीत. मी दादरला गेलो आणि त्याच ग्रंथाची साधी, स्वस्त, पातळ पुठ्ठ्याची प्रत घेऊन आलो. आईसमोर ठेवली आणि मोठ्या मनाने म्हणालो, "ही तुझी. हिला काय करायचं ते कर. बोट लाव, रेघा मार, काहीही."

आई म्हणाली, "बरं."

दारात मावशी उभी होती. ती म्हणाली, "वेगळा कप ठेवलास होय रे आईसाठी?"

मी त्यानंतर मावशीशी बोलणं टाकलं. पुढे ती मुलीकडे बदलापूरला गेली, तिथेच वारली. मी मयताला गेलो नाही. आई एकटी गेली.

आईने ती प्रत भिंतीवरच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवली, प्लास्टिकच्या पिशवीसकट. रोज तसबिरी पुसताना तिच्यावरूनही फडकं फिरवायची. पिशवी कधी काढली नाही. तिचा ठरलेला दिवस आला तेव्हा दुसऱ्याच कुणी वाचलं. आई धुतलेली पांढरी साडी नेसून गेली, ऐकून आली. त्या वर्षीपासून तिने कधी दिवस मागितला नाही. पेपरही वाचेना. बसचा नंबर शेजारच्याला विचारू लागली. हिंदमातावरून जाताना हात खाली असायचा. लग्न होऊन माझी बायको घरात आली तेव्हा तिची अशीच समजूत झाली की सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. ती समजूत कुणी दुरुस्त केली नाही. आईने नाही, मीही नाही.

अशी वर्षं गेली. चाळ पाडली, टॉवर झाला, आम्हाला वरच्या मजल्यावर जागा मिळाली. हॉलची एक अख्खी भिंत मी पुस्तकांना दिली, काचेची सरकती दारं लावून. मध्यंतरी बँकेतले काही जण घर बघायला आले होते. त्यातला एक काचेसमोर उभा राहून म्हणाला, "वा, एकेक पुस्तक कसं ठेवलंय! बोट ठेवायला जागा नाही." आई तेव्हा चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती त्याच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "नाहीच."

त्यांना तो विनोद वाटला नाही, काहीच वाटलं नाही. साखर कमी आहे का एवढंच कुणीतरी विचारलं.

आता आई ऐंशीच्या घरात आहे. विहार रस्त्याच्या पलीकडे होता तिथेच आहे, नवा रंग दिलाय. तिचे गुडघे दुखतात, म्हणून यंदाच्या वर्षावासात मी तिला रोज घेऊन जातो. मी पूर्वी जात नसे. ती पुढे बायकांत बसते, मी मागे खांबाजवळ.

महिला मंडळाची धुरा आता एका तरुण ताईकडे आहे. हुशार, प्रेमळ, शाळेत शिकवते. परवाच्या रविवारी वाचन संपल्यावर तिने उभं राहून सांगितलं की या वर्षी आपल्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ बायकांनी एकेक दिवस वाचावं अशी इच्छा आहे. मग थेट आईजवळ आली.

"आजी, पहिला दिवस तुमचा. चालेल ना?"

"मला कुठे वाचता येतंय, बाळा," आई म्हणाली. अगदी सहज. "अंगठाबहाद्दर आहे मी. आमच्या वेळी कोण शिकवत होतं?"

ताई म्हणाली, "असू दे आजी, तुम्ही ऐकलंय तेच खूप आहे." दोन-तीन बायकांनी माना हलवल्या. एकीने आईच्या पाठीवरून हात फिरवला. आणि मी मागे खांबाजवळ उठून उभा राहिलो.

"त्यांना येत होतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "याच विहारात शिकल्या त्या. छान वाचायच्या. त्यांचा दिवसही ठरला होता. मी... मी त्यांना पुस्तकाला हात लावू दिला नाही. मी त्यांना म्हणालो..."

तो शब्द मी सगळ्यांसमोर उच्चारला.

एका म्हाताऱ्या बाईने तोंडाला पदर लावला. आई वळली नाही. तिची पाठ तेवढी मला दिसत होती. ती हळूच जमिनीला हात टेकून उठली, ताईला म्हणाली, "येते हं," आणि चपला घालायला लागली.

मला वाटलं होतं, बोललो की छातीवरचं ओझं उतरेल. उतरलंही, हेच वाईट. पायऱ्या उतरताना मला खरोखर हलकं वाटत होतं. आई कठड्याला धरून थांबली.

"कुणी विचारलं होतं तुला?"

"आई, खरं तेच सांगितलं."

"खरं मला माहीत नव्हतं? एवढी वर्षं मी सांगत आले, येत नाही म्हणून. माझं मी झाकून घेतलं होतं. तुझंही झाकलं होतं त्यात. आता उद्यापासून त्या पोरी मागे लागतील, आजी वाचा, आजी करून बघा. चार माणसांत माझी ततपप होईल. तेव्हा तू काय करणार?"

"आपण रोज बसू. मी शिकवतो तुला परत."

"तू?" ती हसली. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्यासमोर वाचायचं मी?"

"मी बघितलंय करून," ती म्हणाली. "तू बँकेत गेलास, सूनबाई बाहेर गेली की. पेपर घेऊन. जोडाक्षरं तर कधीच गेली. साधी पण पुसट झालीत रे, ओळखीची वाटतात, नाव आठवत नाही. गेलं ते. ते काय तुझ्या कपाटात ठेवलेलं आहे, काढलं की तसंच निघायला?"

"आई, चुकलो मी."

"हो," ती म्हणाली. "पण आज कशाला बोललास ते पण मला कळतं. तुला डाग आवडत नाही. पुस्तकावर नाही, अंगावर पण नाही. पुसलास ना माझ्या पदराला? झालं."

एवढं सलग ती माझ्याशी आयुष्यात बोललेली मला आठवत नाही. ती चिडली नव्हती. भाजी महाग झाल्याचं सांगावं तशा आवाजात बोलली आणि पायऱ्या उतरू लागली.

विहारासमोरचा रस्ता आता रुंद झालाय, वाहनं थांबत नाहीत. तो ओलांडताना ती माझं मनगट घट्ट धरते, यंदा रोज धरायची, नखं रुतेपर्यंत. मी हात पुढे केला. तिने तो बघितला. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मोकळा झालेला हात वर करून येणाऱ्या टॅक्सीला थांबवलं आणि एकटी, दुखऱ्या गुडघ्यांनी, हळूहळू चालत पलीकडे गेली.

मी तिच्या मागून गेलो.